कौसल्येच्या पायातले चाळ

सोयाबीनची काढणी चालू आहे, कुणी वेचणीला निघाली असेल, कुणी चुलीपुढे असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

आज आम्ही एका नाचणाऱ्या बाईबद्दल सांगणार आहोत. त्यांचं नाव जयश्री गडकर. आमच्या वयाच्या बायांना हे नाव नवं नाही. आमच्या लेकी-सुनांना कदाचित नाव माहीत नसेल, पण चेहरा नक्की माहीत आहे. रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेतली कौसल्यामाता आठवते ना? त्याच जयश्रीबाई.

हा विषय आमच्या गटात निघाला तो शाळेच्या गॅदरिंगवरून. सातवीतल्या एका मुलीचं नाव लावणीच्या नाचात घेतलं होतं. घरचे म्हणाले, आपल्या घरात नाचणारी नको. मुलीनं रडून घर डोक्यावर घेतलं. तिची आई आमच्या गटात आहे. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि ती म्हणाली, "बायांनो, मला खरं सांगा. नाचणं वाईट असतं का?" कुणी म्हणालं असतं, कुणी म्हणालं नसतं. त्या घरानं पुढं काय ठरवलं ते त्या घरचं. पण प्रश्न एका घराचा नाही. मग आम्ही ठरवलं, की नाचावरच जगलेल्या एका बाईचं आयुष्य नीट समजून घेऊ आणि मग बोलू. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

आधी त्या रविवारच्या सकाळी आठवा. दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं २५ जानेवारी १९८७ ला आणि चाललं १९८८ च्या जुलैपर्यंत. तेव्हा गावात टीव्ही एखाद-दोन घरी. रविवारी सकाळी त्या घरची ओसरी भरून जायची. पोरं पुढे, म्हातारी माणसं बाजेवर, आम्ही सुना मागे, डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीला टेकून. काही घरी टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. राम वनवासाला निघाला तेव्हा कौसल्येबरोबर सगळी ओसरी रडली. आमच्या सासवांनी पडद्यावरच्या त्या कौसल्येला हात जोडले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. दशरथाचं काम करणारे बाळ धुरी हे जयश्रीबाईंचे खरोखरचे पती, हे तर आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

आता दुसरी गोष्ट ऐका. ज्या कौसल्येला आमच्या सासवांनी हात जोडले, त्याच बाईची लावणी आमचे सासरे तीस वर्षं आधी टुरिंग टॉकीजच्या तंबूत बघून आले होते. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं नाही. घरच्या बायकांना तसला सिनेमा दाखवायला नेणं बरं दिसत नव्हतं. म्हणजे बाई एकच. पायात चाळ बांधले तर तिचं नाव घरात काढायचं नाही, आणि डोक्यावर मुकुट चढवला तर तिच्यापुढे उदबत्ती. यावर आमच्या गटात बराच वेळ कुणी बोललं नाही.

जयश्रीबाईंचा जन्म २१ फेब्रुवारी १९४२ चा, कारवारजवळच्या कणसगिरीचा. घरची भाषा कोकणी. पुढे ज्या बाईच्या तोंडी अस्सल गावरान मराठी शोभून दिसली, तिच्या घरात बोलणं कोकणीतलं होतं. म्हणजे ही भाषा, हा ठसका त्यांनी मेहनतीनं कमावला. लहानपणीच त्या नाच शिकल्या आणि सिनेमात आल्या त्या नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यातून. व्ही. शांताराम यांचा 'झनक झनक पायल बाजे' हा रंगीत हिंदी सिनेमा १९५५ साली आला. सगळा सिनेमाच नाचावर. पुढे नाचणार संध्याबाई आणि गोपीकृष्ण, मागे मुलींची रांग. त्या रांगेत जयश्री गडकर नावाची मुलगी होती. वय तेराच्या आसपास.

रांगेत नाचणं म्हणजे काय, हे जरा सांगतो, कारण पडद्यावर ते फार सोपं दिसतं. सिनेमातलं गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं. मग नाच बसवणारे मास्तर तालीम घेतात. मग चित्रीकरणाच्या जागी तेच गाणं तुकड्या-तुकड्यानं वाजवतात आणि त्यावर नाच करून घेतात. एक तुकडा पुढून, तोच तुकडा बाजूनं, तोच पुन्हा जवळून. रांगेतल्या एकीचा पाय चुकला, एकीची मान उशिरा वळली, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. वर मोठमोठे दिवे तापलेले, अंगावर जरीचे कपडे, केसांत गंगावन, तोंडावर रंगाचा थर. घाम पुसायचा तर रंग जातो. आणि एवढं सगळं करून तोंडावर हसू हवं. आपल्याकडे म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. त्या मुलींना अंगणाला नाव ठेवायची सोय नव्हती. लादी असो, दगड असो, वाळू असो, पाऊल पडायचं तिथंच पडलं पाहिजे. मजुरी दिवसावर. आज काम आहे, उद्याचं सांगता येत नाही. आपल्यातल्या ज्या रोजानं खुरपायला जातात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रांगेनं खुरपताना जी मागे पडते तिच्यावर मुकादमाची नजर असते. तिथंही तसंच.

आणि हे फक्त इथंच नाही. अमेरिकेत हॉलिवूडमध्ये १९५२ साली 'सिंगिंग इन द रेन' नावाचा नाचगाण्याचा सिनेमा आला. आजही जगभर लोक तो आवडीनं बघतात. त्यात डेबी रेनॉल्ड्स नावाची मुलगी होती, चित्रीकरणाच्या वेळी एकोणीस वर्षांची. ती मुळात नाचणारी नव्हती, काही महिन्यांत नाच शिकली. एका गाण्याचं चित्रीकरण दिवसभर, रात्रीपर्यंत चाललं आणि शेवटी तिच्या पायांतून रक्त आलं. पडद्यावर ती हसतच दिसते. गंमत म्हणजे त्या सिनेमाची गोष्टच अशी आहे, की रांगेत नाचणारी एक मुलगी पडद्याआड उभी राहून दुसऱ्या मोठ्या नटीला आपला आवाज देते आणि टाळ्या मात्र त्या नटीला मिळतात. शेवटी पडदा वर ओढला जातो आणि खरी गाणारी लोकांना दिसते. सिनेमात तसं होतं. खऱ्या आयुष्यात रांगेतल्या बहुतेक मुलींसाठी पडदा कुणी ओढत नाही.

जयश्रीबाईंसाठी तो ओढला गेला. १९५६ साली 'दिसतं तसं नसतं' या सिनेमात त्यांना राजा गोसावींबरोबर लहानसं, नाचाचं काम मिळालं. मग 'गाठ पडली ठका ठका' आला. आणि १९५९ साली आला अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. तेव्हा जयश्रीबाई सतरा वर्षांच्या. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये हा सिनेमा शंभराहून जास्त आठवडे चालला. म्हणजे दोन पावसाळे गेले तरी सिनेमा काही उतरला नाही. ज्या लावणीत बुगडी हरवते, ती याच सिनेमातली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत वसंत पवारांचं, आवाज आशा भोसले यांचा आणि पाय जयश्रीबाईंचे. एका लावणीमागे इतक्यांचे हात. आपल्याकडे एका लुगड्यामागे कापूस वेचणारी, सूत काढणारी, विणणारी असते तसंच.

पण त्या सिनेमाची गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. गावचा एक मातब्बर पाटील एका शेतकऱ्याचं घर उद्ध्वस्त करतो. त्याच्या बायकोवर अत्याचार करतो. गावाला सगळं माहीत असतं, पण तोंड कुणी उघडत नाही. त्या घरातली मुलगी पुढे तमाशात नाचणारी होते. आणि एक दिवस ती त्याच गावात बोर्डावर उभी राहते आणि झालेला अन्याय भर गावापुढे मांडते. म्हणून नाव 'सांगत्ये ऐका'. जिला सगळे फक्त बघायला आले होते, तिचं सगळ्यांना ऐकावं लागलं. बायांनो, आपण ग्रामसभेत उठून उभ्या राहतो तेव्हा पाय किती थरथरतात ते आठवा. ती गोष्ट सिनेमातली असली, तरी तिच्यातलं धैर्य आपल्या कामाचं आहे.

याच सिनेमात हंसा वाडकर यांनीही काम केलं होतं. हंसाबाई आधीच्या पिढीतल्या मोठ्या नटी. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' मध्ये त्यांनी लावणी नाचणारी बया केली, आणि तिथूनच मराठीत तमाशाच्या सिनेमांची लाट आली असं जाणकार सांगतात. आणि दोनच वर्षांनी, १९४९ साली, त्याच हंसाबाईंनी 'संत जनाबाई' या सिनेमात जनाबाई केली. आपली जनाबाई, गंगाखेडची. म्हणजे तिकडेही तोच प्रकार. कालची बया आज जनी. लोकांनी दोन्ही पाहिलं. पुढे हंसाबाईंनी आपलं आयुष्य मनमोकळं सांगितलं, त्याचं पुस्तक झालं, आणि त्या पुस्तकाला नाव दिलं 'सांगत्ये ऐका'. त्यावरूनच श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' हा हिंदी सिनेमा केला, त्यात स्मिता पाटील होत्या. सिनेमातल्या नटीचं घर कसं असतं, तिच्या कमाईवर कोण कोण जगतं आणि तिला स्वतःचा किती पैसा मिळतो, हे त्यातून बाहेर आलं.

'सांगत्ये ऐका' नंतर जयश्रीबाईंना तमाशातल्या नायिकेची कामं एकामागून एक आली. १९६१ चा 'वैजयंता', १९६४ चा 'सवाल माझा ऐका', १९६८ चा 'एक गाव बारा भानगडी'. 'सवाल माझा ऐका' मधल्या जगदीश खेबुडकरांच्या लावणीला आवाज सुलोचना चव्हाण यांचा. सुलोचनाबाईंचं एक वैशिष्ट्य सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्या डोक्यावरून पदर घेऊन लावणी गायच्या. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लावणी गाणारीनं पदर घेतला तर लोक म्हणतात, किती सोज्वळ. मग त्याच लावणीवर नाचणारीला वेगळं का बोलायचं? शब्द तेच, ढोलकी तीच. एकीचा गळा मेहनतीचा, दुसरीची पावलं मेहनतीची.

जयश्रीबाई लावणीतच अडकून राहिल्या नाहीत, हे आम्हाला विशेष वाटतं. १९६१ साली त्यांचा 'मानिनी' आला. महादेवशास्त्री जोशींची कथा. श्रीमंत घरची मुलगी गरीब घरात नांदायला येते आणि माहेरच्या श्रीमंतीपुढे न वाकता नवऱ्याचा मान राखते. या सिनेमात आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींची गाणी घेतली होती. ज्या बहिणाबाईंनी शाळा पाहिली नाही, जात्यावर आणि शेतात ओव्या रचल्या, त्यांचे शब्द सिनेमात आले आणि पडद्यावर तो संसार जयश्रीबाईंनी केला. त्याच सालात त्या 'वैजयंता' मध्ये चाळ बांधून उभ्या होत्या आणि 'मानिनी' मध्ये चुलीपुढे बसल्या होत्या.

मग १९६३ साली भालजी पेंढारकरांचा 'मोहित्यांची मंजुळा' आला आणि १९६५ साली 'साधी माणसं'. 'साधी माणसं' मधली जयश्रीबाईंची भूमिका म्हणजे लोहाराची बायको. भट्टी, ऐरण, घण आणि साधंसुधं नवरा-बायकोचं प्रेम. कष्टाची बाई कष्ट करतानाच सुंदर दिसते, हे त्या सिनेमानं दाखवलं. त्याचं संगीत 'आनंदघन' या नावानं केलं होतं. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. आमच्यातल्या थोरल्या बाया म्हणतात, त्या सिनेमातली जयश्रीबाईंची चाल बघा. लोहाराची बायको चालते तशीच चालतात, एक पाऊल नाचणारीचं वाटत नाही. आम्हाला वाटतं, हेही नाचच शिकवतो. ज्या बाईला आपलं शरीर कुठं किती वळवायचं हे कळतं, तिला ते कुठं थांबवायचं हेही कळतं. नाच म्हणजे नुसतं कंबर हलवणं नाही. उभं कसं राहायचं, नजर कुठं ठेवायची, श्वास कसा पुरवायचा, हे सगळं त्यात येतं. आपल्या मुली वर्गात उत्तर द्यायला उठतात तेव्हा खांदे पाडून उभ्या राहतात. नाचणारी मुलगी खांदे पाडत नाही.

नाचणाऱ्या बाईचं आयुष्य पायावर असतं आणि पाय काही जन्मभर साथ देत नाहीत. चाळिशीच्या आधीच काम कमी होतं. जयश्रीबाईंनी इथंही आपली वाट काढली. १९७५ साली त्यांचं बाळ धुरी यांच्याशी लग्न झालं. हिंदी पौराणिक सिनेमांत त्यांनी कामं केली, मोठ्या वयाच्या भूमिका घेतल्या. मग टीव्ही आला आणि त्या टीव्हीवरही आल्या. नायिकेच्या कामाचा हट्ट धरून बसल्या नाहीत, रामाची आई झाल्या. त्याच सुमारास 'अशी मी जयश्री' हे आत्मचरित्र लिहिलं. १९९० च्या दशकात 'सासर माहेर' आणि 'अशी असावी सासू' हे दोन मराठी सिनेमे दिग्दर्शित केले. म्हणजे जी मुलगी तेराव्या वर्षी रांगेत मास्तर सांगेल तसं पाऊल टाकत होती, ती शेवटी कॅमेऱ्यामागे उभी राहून दुसऱ्यांना सांगू लागली. २९ ऑगस्ट २००८ ला मुंबईत त्या गेल्या. २०२० साली लॉकडाऊनमध्ये 'रामायण' पुन्हा दाखवलं तेव्हा आमच्या नातवंडांनीही त्यांना पाहिलं.

इथपर्यंत ही गोष्ट गोड आहे. पण आम्ही एकच बाजू सांगितली तर ते खरं होणार नाही. जयश्रीबाई पडद्यावर तमाशातली बाई झाल्या. त्याच काळात खऱ्या तमाशाच्या बोर्डावर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर नाचत होत्या. दोघींच्या वयात सात वर्षांचं अंतर. विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. घरातच फड. त्यांना राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव मिळाला, १९५७ साली आणि १९९० साली. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्या सीमेवर जवानांपुढे नाचल्या. त्यांची एक हकीकत गावोगाव सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या. लोकांनीच मग हात जोडून सांगितलं, बाई, आता आराम करा. आम्ही ही हकीकत आपल्यातल्या ज्यांनी ऊसतोडीच्या फडात बाळंतपणं काढली त्यांना सांगितली. त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोटासाठी."

अशा विठाबाई २००२ साली गेल्या तेव्हा त्यांच्या दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना पैसे गोळा करावे लागले. नंतर राज्य सरकारनं त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे. पण ज्या बाईचं नाव पुरस्काराला दिलं, तिला म्हातारपणी औषधाला पैसा नव्हता, हे विसरून चालणार नाही. एका बाईनं पडद्यावर तमाशातली बाई साकारली आणि ती कौसल्या झाली. दुसरी खरंच तमाशातली बाई होती, तिला राष्ट्रपतींचा गौरव मिळाला तरी तिचे हाल चुकले नाहीत. पडद्यावरच्या नाचाला लवकर मान मिळतो, कारण तो दूर असतो. आपल्या गावच्या जत्रेत नाचणारी जवळ असते, म्हणून तिला आपण नावं ठेवतो. आणि ती कुठल्या जातीची, कुणाच्या पोटची, हेही आधी विचारतो. हे बोलायला जड आहे, पण बोललं पाहिजे.

मग आमच्या गटानं काय विचार केला? आम्ही तीन गोष्टींवर आलो.

पहिली गोष्ट. नाच ही कला आहे आणि ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्यासाठी ते काम आहे. कामाला मजुरी असते, वेळ असते, सुरक्षितता असावी लागते. वाईट असेल तर ते बाईला फसवणं, तिच्या अंगाला हात लावणं, तिचा पैसा खाणं. ते वाईटपण नाचाच्या माथी मारू नका. शेतात मुकादमानं छेड काढली तर आपण खुरपणीला वाईट म्हणतो का? मुकादमाला म्हणतो.

दुसरी गोष्ट मुलींबद्दल. आता टीव्हीवर लहान मुलांच्या नाचाच्या स्पर्धा असतात. मोबाईलवर बघून आपल्याही पोरींना वाटतं, आपण जावं. जाऊ द्यायचं की नाही ते घरानं ठरवावं, पण कायदा माहीत असू द्या. जयश्रीबाई रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा लहान मुलांसाठी असे नियम नव्हते. आता आहेत. २०१७ च्या नियमांप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला सिनेमा, मालिका किंवा अशा कार्यक्रमात काम द्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. आईवडिलांची संमती लागते. दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांती न देता सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त दिवस काम नाही. शाळा बुडू द्यायची नाही. आणि मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्याच नावे मुदत ठेवीत टाकावी लागते. ठेव म्हणजे काय हे आपल्याला गटानं शिकवलंच आहे. कुणी एजंट गावात येऊन म्हणाला, "पोरीला टीव्हीवर चमकवतो, आधी दहा हजार भरा," तर पैसे भरण्याआधी या गोष्टी विचारा. ज्याला नियम माहीत नाहीत, त्याच्या हाती पोर देऊ नका.

तिसरी गोष्ट म्हाताऱ्या कलावंतांची. आपल्या आसपास कुणी तमाशात नाचलेली असेल, कुणी भारूड करणारी, वासुदेव, गोंधळी, शाहीर, कुणी वाघ्या-मुरळी असेल. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देण्याची योजना आहे. तिला वयाची अट आहे, उत्पन्नाची अट आहे, आणि किती वर्षं कला केली याचा पुरावा द्यावा लागतो. तिथंच या बाया अडतात. फडाचा फोटो नाही, कागद नाही, कुणाची सही नाही. आयुष्यभर हजारो लोकांपुढे नाचली, पण साक्षीला एकही माणूस नाही. म्हणून गटानं हे काम अंगावर घ्यावं असं आम्हाला वाटतं. जुन्या बायांना विचारा, कुठल्या फडात होत्या, कुठल्या जत्रेत नाचल्या, कुणी बघितलं. ते लिहून घ्या. जुनी हँडबिलं, फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर जपून ठेवा, झेरॉक्स काढा. पंचायत समितीत जाऊन अर्जाची आणि कागदांची पक्की चौकशी करा. एकटी गेली तर तिला उद्या या म्हणतील. आपण चौघी तिच्यासोबत गेलो तर आजच ऐकतील.

आम्ही आमच्या भागात असं विचारायला सुरुवात केली. एका गावात एक आजी भेटल्या. पासष्ट-सत्तरीच्या. तरुणपणी पाच-सहा वर्षं फडात होत्या. आधी सांगायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "सुनेला माहीत नाही, नातीचं लग्न व्हायचंय." मग आम्ही त्यांना जयश्रीबाईंचं सांगितलं, हंसाबाईंचं सांगितलं, जनाबाईचं काम करणारी लावणीही नाचली होती हे सांगितलं. आजी बराच वेळ ऐकत राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दुखतं ते त्याच दिवसांचं." आजींची वर्षं योजनेला पुरतील की नाही, ते अजून कळायचं आहे. पण त्यांचं नाव आम्ही वहीत लिहिलं आहे, त्यांच्या परवानगीनं. नाव मात्र इथं सांगणार नाही. ते कधी सांगायचं हे त्या ठरवतील.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गावात नाचणाऱ्या, गाणाऱ्या बाया कोण होत्या? आज कुठं आहेत? आपण त्यांच्याशी कसं बोलतो? आपल्या मुलीला नाचू द्यायचं की नाही हे ठरवताना आपल्याला भीती कशाची असते, नाचाची की लोकांच्या तोंडाची? आणि लोकांच्या तोंडाची असेल, तर त्या लोकांत आपणही आहोत का?

जयश्रीबाईंचा एखादा जुना सिनेमा मोबाईलवर मिळतो. 'मानिनी' बघा, 'साधी माणसं' बघा, आणि 'सांगत्ये ऐका' सुद्धा बघा. सासू-सून दोघींनी मिळून बघा. लावणी लागली की पुढे ढकलू नका. रांगेतल्या, मागे नाचणाऱ्या मुलींकडेही जरा बघा. त्यांची नावं पाटीवर आलेली नाहीत.

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी आम्ही गंगाखेडच्या जनाबाईबद्दल आणि जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोलणार आहोत. तोपर्यंत नमस्कार.